बाळंतपणातलं बीपी वारेबरोबर जातं का?

पत्र:

"मी २७ वर्षांची. राजापूर तालुक्यात खाडीकाठच्या गावात सासू-सासऱ्यांबरोबर राहते, नवरा मुंबईत नोकरीला आहे. सातव्या महिन्यात ग्लुकोजचं पाणी पाजून साखर तपासली ती १५८ आली, म्हणून पथ्य सांगितलं होतं. ३३ व्या आठवड्यात पाय आणि तोंड सुजलं, बीपी १७०/११० झालं, लघवीतून प्रथिनं जायला लागली. रत्नागिरीला नेऊन तातडीने सिझर केलं. मुलगी १,६५० ग्रॅमची झाली, १८ दिवस काचेच्या पेटीत होती. घरी आल्यावर दीड महिना बीपीच्या गोळ्या घेतल्या. त्या संपल्या, परत आणल्या नाहीत. साखरही पुन्हा तपासली नाही. आता मुलगी चार महिन्यांची आहे, अंगावर पिते. सासूबाई म्हणतात, बाळंतपणातलं बीपी वारेबरोबर जातं, उगाच डॉक्टरांच्या नादी लागू नकोस. पण सकाळी अधूनमधून डोकं जड होतं. घरचे दुसऱ्या मुलाचंही आत्ताच बोलायला लागलेत. मला पुढे काही त्रास होईल का? आणि मुलीला?"

उत्तर:

ताई, बाकीचं सगळं नंतर, आधी बीपी मोजून घ्या. पुढच्या वेळी लसीला जाल तेव्हा नको, येत्या दोन-तीन दिवसांत. गोळ्या डॉक्टरांनी बंद केल्या असत्या तर गोष्ट वेगळी होती. तुमच्या त्या संपल्या म्हणून बंद झाल्या, आणि बंद झाल्यावर बीपी किती आहे हे कुणीच पाहिलेलं नाही. डोकं जड होण्याला अपुरी झोप, अंगात रक्त कमी असणं, चष्म्याचा नंबर अशी साधी कारणंही असतात. पण तुमच्यासारख्या बाळंतिणीत ती कारणं बीपी मोजल्यानंतर शोधायची. (सिझरच्या वेळी पाठीत दिलेल्या इंजेक्शनवर खापर फोडू नका. त्याने डोकं दुखतं ते पहिल्या काही दिवसांत, आणि उठून बसलं की वाढतं. चार महिन्यांनी नाही.)

उपकेंद्रात सिस्टर किंवा समुदाय आरोग्य अधिकारी बीपी मोजून देतात, पैसे लागत नाहीत. मात्र घाईत मोजलेल्या बीपीवर विश्वास ठेवू नका. अर्धा तास आधी चहा नको, मशेरी तर नकोच. लघवी करून या. पाठ टेकून, पाय जमिनीला टेकवून पाच मिनिटं गप्प बसा. पायावर पाय नको, मांडीवर मुलगी नको, बोलणं नको. पट्टा उघड्या दंडावर बांधायचा. ब्लाउजची घट्ट बाही वर सारली की तीच दंड आवळते, त्यापेक्षा ती बाही काढलेली बरी. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. नेहमीचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंमी घेराच्या दंडासाठी असतो. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागा, कारण लहान पट्ट्यावर आकडा खोटा वाढलेला येतो. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं आणि दोन्ही आकडे तारखेसकट वहीत लिहायचे.

असं तीन वेगवेगळ्या दिवशी करा. दीड-दोन हजारांचं दंडावर बांधायचं यंत्र घरी आणता आलं तर उत्तमच. मनगटावरचं घेऊ नका. घरी सात दिवस सकाळ-संध्याकाळ मोजा, पहिला दिवस सोडून द्या आणि उरलेल्यांची सरासरी काढा. दवाखान्यात १४०/९० किंवा त्याच्या वर, अथवा घरी सरासरी १३५/८५ किंवा त्याच्या वर आली, तर बीपी गेलेलं नाही असं समजायचं. गरोदरपणातलं बीपी बहुतेकींत बाळंतपणानंतर सहा ते बारा आठवड्यांत उतरतं. बारा आठवडे उलटूनही वरच राहिलं तर ते आता बाळंतपणाचं बीपी नाही, तुमचं स्वतःचं आहे आणि त्याला कायमचे उपचार लागतील. १६०/११० आलं तर पंधरा मिनिटांनी परत मोजा आणि तितकंच असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. त्याबरोबर जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं किंवा हातापायातली ताकद जाणं यातलं काही असेल, तर रिक्षा शोधत बसू नका, १०८ ला फोन करा.

गोळ्या परत सुरू कराव्या लागल्या तर दूध बंद करायला कुणी सांगितलं तरी करू नका. एनालाप्रिल, निफेडिपिन, अॅम्लोडिपिन, लॅबेटॅलॉल या गोळ्या अंगावर पाजताना चालतात. फक्त डॉक्टरांना सांगा की मी पाजते आहे.

आता सासूबाईंचं म्हणणं. ते अर्धं बरोबर आहे, म्हणून खोडायला अवघड जातं. हा आजार सुरू होतो खरोखर वारेतूनच (वार म्हणजे पोटात बाळाला पोसणारी प्लासेंटा). पहिल्या काही महिन्यांत वार गर्भाशयात रुजते तेव्हा तिथल्या आईच्या रक्तवाहिन्या रुंद व्हायला हव्यात. त्या अरुंदच राहिल्या तर वारेला रक्त कमी पडतं. मग वार आईच्या रक्तात अशी द्रव्यं सोडते की सगळ्या अंगातल्या रक्तवाहिन्यांचं अस्तर दुखावतं. बीपी चढतं, मूत्रपिंडाच्या गाळणीतून प्रथिनं गळतात, अंगावर सूज येते, फार वाढलं तर झटके येतात. वार बाहेर काढणं हाच त्यावरचा इलाज, म्हणून तर तुम्हाला ३३ व्या आठवड्यात बाळंत करावं लागलं. पण वार बाहेर पडली की त्याच क्षणी सगळं मिटतं असं नाही. बीपी बहुधा बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी सगळ्यात वर जातं, म्हणजे नेमकं घरी सोडतात त्या सुमाराला. अस्तराची झीज भरून यायला त्याहून बराच वेळ लागतो आणि काहींत ती पुरती भरतच नाही. शिवाय काही बायकांच्या रक्तवाहिन्या मुळातच थोड्या कच्च्या असतात. मिरगाचा पहिला पाऊस कौल कुठे सरकलंय ते दाखवतो, तसं गरोदरपणाच्या ताणाने ते कच्चेपण आधीच दाखवून दिलेलं असतं.

साखरेचंही तसंच. वारेच्या संप्रेरकांमुळे इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. वार गेली की साखर बहुतेकींची एक-दोन दिवसांत जाग्यावर येते, आणि तिथेच सगळे निर्धास्त होतात. पण गरोदरपणात ज्यांचं स्वादुपिंड पुरं पडलं नाही, त्यांचं पुढेही कमी पडण्याची शक्यता दांडगी असते.

आकडे सांगतो, पण ते नीट वाचा. गरोदरपणात असं बीपी झालेल्या बायकांना पुढे कायमचा रक्तदाब जडण्याचा धोका इतरांच्या तीन ते चार पट, हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा सुमारे दुप्पट. ३४ आठवड्यांच्या आत बाळंत व्हावं लागलं असेल तर याहून बराच जास्त, आणि तुम्ही त्यात बसता. गरोदरपणात साखर झालेल्यांना पुढे मधुमेहाचा धोका सात पट किंवा त्याहून जास्त. २७ व्या वर्षी हृदयविकाराचा धोका मुळातच फार थोडा असतो, त्याची दुप्पट म्हणजेही थोडाच. त्यामुळे आज रात्री झोप उडवून घेण्यासारखं काही नाही. पण ही गोष्ट चाळिशी-पन्नाशीत अंगावर येते आणि तोवर बाळंतपणाची फाईल कुठे गेली हे घरात कुणालाच माहीत नसतं. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०११ सालीच बायकांच्या हृदयविकाराच्या धोक्यांच्या यादीत या दोन्ही गोष्टी घातल्या. आपल्याकडे मात्र छातीत दुखतं म्हणून पन्नाशीची बाई आली तर तिला 'बाळंतपणात बीपी होतं का' असं अजून क्वचितच विचारलं जातं.

तुमच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. सरकारी कार्यक्रमात बीपी-मधुमेहाची तपासणी वयाच्या तिशीपासून पुढे होते. बाळंतिणीकडे आशाताईंच्या फेऱ्या ४२ दिवसांपर्यंत, त्यानंतर येतात त्या बाळासाठी. म्हणजे आज २७ व्या वर्षी तुमची साखर आणि बीपी पाहायला कुणी दारात येणार नाही. तुम्हालाच जाऊन मागावं लागेल. मागितलं तर नाही म्हणत नाहीत.

साखरेची तपासणी खरं म्हणजे सहा आठवड्यांनी व्हायला हवी होती. राहिली तर राहिली, आता करा. रात्रभर, निदान आठ तास, उपाशी राहून सकाळी प्रयोगशाळेत जायचं. आधी उपाशीपोटी रक्त, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज सुमारे ३०० मिली पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायचं आणि बरोबर दोन तासांनी परत रक्त. मधल्या वेळात तिथेच बसायचं, मुलीला पाजायला हरकत नाही, स्वतः काही खायचं नाही. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तपासणी वाया गेली, दुसऱ्या दिवशी परत. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, अथवा दोन तासांनी २०० किंवा जास्त, म्हणजे मधुमेह. दोन तासांचा आकडा १४० ते १९९ किंवा उपाशीपोटीचा ११० ते १२५ म्हणजे मधुमेहाची वेस, आणि हाच टप्पा पकडायचा असतो कारण इथून मागे फिरता येतं. दोन्ही नीट आले तरी वर्षातून एकदा तपासणी करायची, कायम.

काही ठिकाणी फक्त उपाशीपोटीची साखर करतात किंवा तीन महिन्यांची सरासरी म्हणजे एचबीएवनसी करून बोळवण करतात. बाळंतपणानंतरच्या महिन्यांत तेवढ्यावर भागत नाही. रक्त गेलेलं असतं, लोह कमी असतं, त्यामुळे तो सरासरीचा आकडा कधी खोटा खाली तर कधी खोटा वर जातो. आणि उपाशीपोटीची साखर बरी पण जेवणानंतरची चढलेली, असं आपल्या बायकांत पुष्कळदा दिसतं. ग्लुकोज पिऊनच तपासा.

त्याच फेरीत हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन आणि लघवीतली प्रथिनं करून घ्या. चार महिन्यांनंतरही प्रथिनं जात असतील तर मूत्रपिंड तपासायला हवं. कधी कधी मूत्रपिंडाचा जुना दोष आधीपासून असतो आणि तो गरोदरपणातच पहिल्यांदा उघडा पडतो. कोलेस्टेरॉल आत्ता नको, बाळंतपणानंतर काही महिने ते चढलेलंच दिसतं. वर्ष झालं की करा.

आणि ती फाईल जपा. डिस्चार्ज कार्ड, सिझरच्या नोंदी, लघवीचे आणि रक्ताचे रिपोर्ट, सोनोग्राफी, मुलीचं पेटीतलं कार्ड, या सगळ्याचे मोबाइलवर फोटो काढून नवऱ्याला पाठवून ठेवा. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवा. आपल्या पावसात माळ्यावरच्या कागदांना बुरशी धरते आणि ईसीजीचा तो गुळगुळीत कागद तर आपोआपच पुसट होतो. यापुढे कुठल्याही डॉक्टरकडे, अगदी दात दाखवायला गेलात तरी, एक वाक्य सांगायचं: 'पहिलं बाळंतपण ३३ आठवड्यांना बीपीमुळे झालं, लघवीत प्रथिनं होती, साखरही होती.'

खाण्याचं बोलू. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर यांना आमचा विरोध नाही. अळिवात लोह आहे, डिंकाच्या लाडवांत खोबरं-खारीक आहे. पण चार महिने झाले. साखर होऊन गेलेल्या बाईने रोज दोन लाडू, वर तुपाची धार आणि दिवसभर बाजेवर आराम, हे आता थांबवायला हवं. अळीव दुधात शिजवून गूळ नावापुरता घाला. भात सोडायला सांगणार नाही, कोकणात तसं सांगणं फुकट जातं. पण ताटाचा हिशेब बदला: शिजलेल्या भाताची एक वाटी, त्याच्या दुप्पट भाजी आणि कुळथाची किंवा मुगाची आमटी-उसळ, एक तुकडा मासा. सकाळच्या पेजेत नाचणी आणा. नुसती तांदळाची पेज पोटात लगेच साखर होते. पेजेबरोबर लोणचं आणि भाजलेला पापड ही जोडी तुमच्यासाठी वाईट आहे, साखरेपेक्षा मिठामुळे. दिवसभरात सगळं मिळून मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा. खारवलेल्या बांगड्याचा एक तुकडा त्यातला मोठा वाटा एकटाच संपवतो. पावसाळ्यात सुक्याशिवाय भागत नाही हे खरं. तेव्हा सुकट-सोडे कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून पाणी फेका, पुन्हा भिजवा, पुन्हा फेका, आणि कालवणात वरून मीठ घालू नका. तरी थोडं मीठ उरतंच, म्हणून आठवड्यातून एकदाच. ताजा बांगडा, तारली मात्र खुशाल खा.

घरात माळकरी असाल, मासे-मटण वर्ज्य असेल, तर रक्तातलं बी-१२ तपासून घ्या. ते कमी असणं आपल्याकडे फार आहे आणि त्याचा संबंध पुढच्या मुलापर्यंत पोहोचतो. ते खाली सांगतो.

मशेरी लावत असाल तर आजपासून बंद. पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही, पण किनाऱ्यावरच्या घरांतून सकाळची मशेरी इतकी सवयीची आहे की ती तंबाखू आहे असं कुणी धरतच नाही. भाजली तरी निकोटीन जात नाही. बीपी वाढतं, दुधातून बाळाला जातं आणि गरोदरपणात लावली तर बाळ वजनाला कमी भरतं.

चालायला लागा. रोज अर्धा तास, आठवड्यातले पाच दिवस, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. कंबरेचा घेर बेंबीच्या रेषेत मोजा. आपल्या बायकांत ८० सेंमीच्या वर गेला की साखरेची वाट सुरू झाली समजा. मुलीला अंगावर पाजणं चालूच ठेवा, तिच्याइतकंच ते तुमच्याही कामाचं आहे: जितके महिने पाजाल तितका पुढच्या मधुमेहाचा धोका कमी.

आता मुलगी. ती सात आठवडे आधी आली. म्हणून तिचं वय दोन प्रकारांनी मोजा. लसी जन्मतारखेप्रमाणे, त्यात मागेपुढे नाही. पण वाढ आणि हालचाली पाहताना सात आठवडे वजा करायचे. आज ती चार महिन्यांची दिसते, हिशेबाने अडीच. शेजारच्या चार महिन्यांच्या बाळाची मान धरली आणि हिची नाही, यावरून घाबरू नका. मात्र हिशेबाच्या अडीच महिन्यांना तिने तुमच्याकडे पाहून हसायला हवं, चेहऱ्यामागे नजर फिरवायला हवी. हिशेबाचे तीन महिने उलटल्यावरही मुठी सतत घट्ट वळलेल्या, एकच हात हलणारा, अंग काडीसारखं ताठ किंवा अगदी लुळं, असं काही असेल तर 'होईल हळूहळू' म्हणत थांबू नका. जिल्हा पातळीवर लहान मुलांच्या वाढीतले दोष लवकर ओळखून उपचार करणारं सरकारी केंद्र असतं. प्राथमिक आरोग्य केंद्रातून तिथली चिठ्ठी घ्या. ही वजाबाकी ती दोन वर्षांची होईपर्यंत.

तिच्या डिस्चार्ज कार्डावर दोन गोष्टी आज शोधा. पहिली डोळ्यांची. ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोच्या खाली जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मानंतर ३० दिवसांच्या आत तपासायचा असतो. कार्डावर 'आरओपी' असं लिहिलेलं असतं. पडद्यावरच्या रक्तवाहिन्या अर्धवट वाढलेल्या असताना बाळ बाहेर येतं, त्या भलत्या दिशेने वाढतात आणि पडदा ओढून सोडवतात. वेळेत दिसलं तर लेझरने थांबतं, वेळ गेली तर दृष्टी जाते. 'पुन्हा दाखवा' असं लिहिलं असून तुम्ही गेला नसाल, किंवा तपासणीची नोंदच नसेल, तर याच आठवड्यात डोळ्यांच्या पडद्याच्या डॉक्टरांकडे न्या. दुसरी कानांची. पेटीत इतके दिवस काढलेल्या बाळाची 'बेरा' नावाची तपासणी व्हायला हवी. टाळी वाजवली की दचकते, म्हणून कान चांगले, हे चालत नाही. दोष असेल तर तो तीन महिन्यांपर्यंत कळून सहा महिन्यांपर्यंत उपचार लागू व्हावेत असा दंडक आहे, म्हणजे तुमच्याकडे वेळ थोडा आहे.

लोहाचे थेंब चालू आहेत ना? बाळाला आईकडून लोह मिळतं ते मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत, आणि नेमके तेच तिला पुरते मिळाले नाहीत. किलोमागे रोज दोन मिलिग्रॅम असा साधारण हिशेब असतो. होतं काय की, १,८०० ग्रॅम वजनाला लिहून दिलेले थेंब बाळ पाच किलोंचं झालं तरी तितकेच चालू राहतात. प्रत्येक वजनाला डोस वाढवून घ्या. ड जीवनसत्त्वाचे ४०० युनिट रोज, वर्षभर. ती वर्षाची होईपर्यंत सरकारी रुग्णालयात तिचे उपचार आणि ने-आण जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहेत, १०२ ची गाडी त्यासाठीच असते.

शेगडीची धुरी, बाळगुटी, मध हे तिला नको. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुप्फुसं नाजूक असतात, धुराने छाती भरते.

पुढे मोठेपणी काय? अशा मुलांचं बीपी इतरांपेक्षा सरासरीने दोन-तीन अंकांनी वर असल्याचं दिसतं. एवढ्याने कुणी आजारी पडत नाही, पण दिशा कळते. मूत्रपिंडातल्या गाळण्या ३४ ते ३६ आठवड्यांपर्यंतच तयार होत असतात, लवकर जन्मलेल्या बाळाला त्या कमी मिळतात आणि नंतर वाढत नाहीत. म्हणून तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी तिचं बीपी मोजायला सांगा, आणि तापाला मनाने आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक अॅसिडचं औषध देऊ नका. पॅरासिटॅमॉल बरं, तेही वजनाच्या हिशेबाने.

दुसरी गोष्ट वजनाची, आणि इथे आजीचं प्रेम आडवं येतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी नव्वदच्या दशकात पुण्याजवळच्या गावांतल्या बायका-मुलांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्यांचं ३.५. पण आपल्या बाळांत कमी पडले होते ते स्नायू. चरबी फारशी कमी नव्हती. दिसायला किडकिडीत, आतून चरबीदार. याच अभ्यासात ज्या आयांना बी-१२ कमी आणि फोलेट भरपूर होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला जास्त विरोध दिसला. म्हणून वर बी-१२ चं लिहिलं. चिपळूणजवळ डेरवणच्या वालावलकर रुग्णालयातही कोकणातल्या किशोरवयीन मुलींचा असाच माग ठेवला जातो आहे. तुमच्या मुलीपुरता याचा अर्थ असा: पहिल्या दोन वर्षांत तिची लांबी आणि वजन दोन्ही वाढायलाच हवं, अंगणवाडीतल्या तक्त्यावर रेष वर जाताना दिसली पाहिजे. चिंता नंतरची. 'पेटीतलं पोर, बारीक आहे' म्हणून तिसऱ्या-चौथ्या वर्षी बिस्किटं, गोड दूध, वेफर्स भरवून जे वजन चढवतात ते सगळं चरबीत जातं. अंडं, मासा, डाळ, नाचणी द्या आणि अंगणात धावू द्या.

राहिलं दुसरं मूल. वर्षाच्या आत अजिबात नको. या बाळंतपणापासून निदान दोन वर्षं जाऊ द्या आणि मगच दिवस राहू द्या. सिझरचे टाके, रक्त, बीपी सगळ्यालाच ते हवं. पाळी आली नाही, पाजते आहे, म्हणजे दिवस राहत नाहीत यावर विसंबू नका. नवरा गणपतीला, शिमग्याला येतो तेवढे दिवस पुरतात. तांबी तुमच्यासाठी सगळ्यात बिनघोर. 'छाया' गोळीत संप्रेरक नाही, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. 'माला-एन' मात्र घेऊ नका, तिच्यातल्या इस्ट्रोजेनने बीपी वाढतं आणि दूधही कमी होतं. एनालाप्रिल चालू झाली असेल तर पाळणा लांबवणं आणखी गरजेचं, कारण ती गरोदरपणात बाळाच्या मूत्रपिंडाला घातक असते. दुसरं मूल ठरवलंत की आधी डॉक्टरांना सांगून ती गोळी बदलून घ्यायची.

हा आजार पुन्हा होतोच असं नाही. साधारण सहा जणींत एकीला होतो, पण ३४ आठवड्यांच्या आत बाळंत झालेल्यांत तीन जणींत एकीला. पुढच्या वेळी पाळी चुकली की आठ-दहा आठवड्यांच्या आतच नाव नोंदवा, पाचव्या महिन्याची वाट पाहू नका. फॉलिक अॅसिड दिवस राहण्याच्या तीन महिने आधीपासून. पहिल्याच भेटीत ग्लुकोजची तपासणी, आणि ती नीट आली तरी २४ ते २८ आठवड्यांत परत. बाराव्या आठवड्यापासून कमी मात्रेची अॅस्पिरिन, ७५ ते १५० मिलिग्रॅम, रात्री जेवणानंतर, ३६ आठवड्यांपर्यंत. ही सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू झाली तरच खरी उपयोगाची, कारण वार रुजायचं काम तेव्हाच चालू असतं. पण ती डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच, मनाने नाही. कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चौदाव्या आठवड्यापासून. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकदम घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर लोह अंगी लागत नाही.

बाळंतपण कुठे, हे सहाव्या महिन्यातच ठरवा. जिथे सिझर रात्री-अपरात्री होतं, रक्त मिळतं आणि नवजात बाळांचा विभाग आहे, अशाच ठिकाणी. राजापूरच्या खाडीकाठावरून रत्नागिरी गाठायला लागणारा वेळ पावसात किती वाढतो ते तुम्हाला सांगायला नको. बीपी वाढायला लागलं तर दुखायची वाट न पाहता रत्नागिरीत नातेवाइकांकडे मुक्काम हलवा. मुंबईला जायचं असेल तर सातवा महिना लागायच्या आत जा, आणि जाताना फाईल सोबत घ्या. गणपतीच्या गर्दीत महामार्गावर अडकून पडायची वेळ या बाळंतपणात येऊ देऊ नका.